अँग्लो-सॅक्सन काळातलं शहर मुलांना मराठीत कसं सांगू?

थेम्सकाठ
मदत हवी आहे. बर्कशरमध्ये दर रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये मी मराठीचा वर्ग घेते. नऊ मुलं आहेत, आठ ते दहा वर्षांची. शाळेत जे शिकतात ते आजी-आजोबांना मराठीत सांगता यावं, एवढीच अपेक्षा. या सत्रात सगळ्यांच्या शाळेत अँग्लो-सॅक्सन चालू आहेत. ४१०च्या सुमारास रोमन गेले, मग हे जर्मनी-डेन्मार्ककडचे लोक आले, गवताच्या झोपड्या, सटन हूचं पुरलेलं जहाज, मग व्हायकिंग आले आणि मारामाऱ्या. इतपत सगळ्यांना पाठ आहे.

परवा एकीने विचारलं, "ताई, तेव्हा शहरंच नव्हती का? मग राजे दुकानात कुठे जायचे?" मी "पुढच्या रविवारी सांगते" म्हणून वेळ मारून नेली. हाताशी दीड तास आहे, आणि वॉलिंगफर्ड जवळ असल्याने जमलं तर एक सहल. काय सांगू, कसं सांगू? भाषणं नकोत, मुलं टेबलाखाली जाऊन बसतात.

कूडमेढ
मी साउदॅम्प्टनला असतो, म्हणजे कामावर जाताना रोज हॅमविकवरून जातो. त्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ५व्या शतकात रोमन शहरं ओस पडली आणि पुढची दीड-दोनशे वर्षं इथे शहर म्हणावं असं फारसं काही नव्हतंच. सातव्या शतकापासून नदीकाठी, समुद्रकाठी व्यापाराच्या वसाहती उठल्या, त्यांना 'विक' म्हणत. साउदॅम्प्टनचं हॅमविक, लंडनचं लुंडनविक, इप्सविचचं गिपेसविक, यॉर्कचं इओफरविक. हॅमविक ७००च्या सुमारास वसलं. खडी टाकलेले आखीव रस्ते, दोन-तीन हजार वस्ती, घरटी काही ना काही धंदा. हाडं-शिंगं कोरणारे, विणणारे, लोहार. गिपेसविकला तर कुंभारांची आख्खी आळी होती, तिथली मडकी पूर्व इंग्लंडभर जायची.

घरं कशी होती हे मुलांना सांगायला इंग्रजी शब्द शोधत बसू नका. आमच्या कोकणातल्या जुन्या घराची कुडाची भिंत आठवा. मेढी रोवायच्या, मध्ये काठ्या विणायच्या, वरून माती-शेण-गवत लिंपायचं. डिट्टो तेच. आणि छप्पर गवताने शाकारलेलं. माझ्या मुलाला सुट्टीत गावच्या मांगराची भिंत दाखवली तर म्हणाला, "बाबा, सॅक्सन हाउस!" आजी दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी.

अवांतर: आमच्या इथलं सेंट मेरीज स्टेडियम बांधताना खाली सॅक्सन दफनभूमी सापडली होती. फुटबॉलवेड्या पोरांना हे नक्की सांगा.

मुलुंडचा_नाका
दोन-तीन हजार वस्ती? आमच्या सोसायटीत जास्त माणसं राहतात. याला शहर कसं म्हणायचं? मोठं गाव म्हणा.

कूडमेढ
डोकी मोजून नाही ठरत हो. गावातला माणूस आपलं धान्य आपण पिकवतो. हॅमविकमधला पिकवत नव्हता. तिथल्या कचऱ्याच्या खड्ड्यांमधली हाडं तपासली, तर बहुतेक म्हातारी गुरंमेंढरं. आयुष्यभर नांगर ओढून, लोकर देऊन झालेली जनावरं गावांनी शहराकडे धाडली. शिकार जवळजवळ नाही. म्हणजे दुसऱ्याने पाठवलेलं खाणारी माणसं. यालाच शहर म्हणायचं. सोसायटीत भाजीवाला दोन दिवस आला नाही तर काय होतं बघा, तेच.

मुलुंडचा_नाका
पटलं. भाजीवाल्याचं तर फारच पटलं.

गवतीचहा
लंडनच्या लोकांसाठी एक गंमत. पासपोर्टच्या कामाला आपण सगळे कधी ना कधी इंडिया हाउसला जाऊन आलोय. ते आहे ऑल्डविचमध्ये. ऑल्डविच म्हणजे 'जुनं विक'. म्हणजे तुम्ही हातात फोटो आणि फॉर्म घेऊन जिथे तिष्ठत उभे राहिलात, तिथे आठव्या शतकात लुंडनविक होतं!

याची गोष्ट मुलांना रहस्यकथेसारखी सांगता येईल. जॅरोचा भिक्षू बीड याने ७३१ साली लिहून ठेवलं की लंडन ही जमिनीवरून आणि समुद्रावरून येणाऱ्या अनेक लोकांची बाजारपेठ आहे. पण रोमन तटबंदीच्या आत कितीही खणलं तरी त्या काळचं काही मिळेना. बीड थापा मारत होता का? मग १९८४मध्ये दोन संशोधकांनी आपापलं, वेगवेगळं म्हटलं की अहो, तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. शहर तटाच्या आत नव्हतंच, पश्चिमेला मैलभर, स्ट्रँड आणि कॉव्हेंट गार्डनपाशी होतं. पुढे रॉयल ऑपेरा हाउसच्या विस्ताराआधी खोदकाम झालं, तेव्हा रस्ता, घरं, कारागिरांच्या जागा सगळं निघालं. नाव हजार वर्षं ओरडून सांगत होतं 'जुनं विक, जुनं विक', पण लक्षच नाही कोणाचं.

थेम्सकाठ
हे नव्हतं माहीत! पण आयता मोठा रोमन तट उभा असताना बाहेर का राहिले? हा प्रश्न मुलं विचारणारच.

गवतीचहा
बोटी. तटाला लागून पडके धक्के आणि ढिगारे, आणि स्ट्रँडला उतरता काठ, होडी सरळ वाळूवर ओढायची आणि तिथेच दुकान मांडायचं. 'स्ट्रँड' म्हणजे काठच. पण मग व्हायकिंग यायला लागले. ८४२, ८५१. तट नसलेल्या बाजारपेठेचं काय होणार? ८८६मध्ये आल्फ्रेड राजाने वस्ती पुन्हा जुन्या तटाच्या आत हलवली. आताच्या क्वीनहाइथला धक्का झाला. बाहेर उरलं ते 'जुनं'.

खापरपणती
वाचतेय. आत का राहिले नाहीत यावर माझे दोन पैसे. एक जुनी इंग्रजी कविता आहे, बहुतेक बाथच्या रोमन अवशेषांवरची. कवी पडके दगडी वाडे बघतो आणि म्हणतो, हे राक्षसांचं काम. आपल्याकडे नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोकांनी पांडवलेणी म्हटलंच ना? कोणी बांधलं आठवत नाही, आपल्याला असं जमणार नाही, म्हणजे नक्की भीमाने बांधलं असणार. मुलांना पांडवलेणी सांगा आणि मग ती कविता सांगा. माझ्या भाच्याला एका वाक्यात कळलं.

थेम्सकाठ
घेतलं! राक्षस-पांडव वहीत लिहून ठेवलंय.

फणीकरंडा
यॉर्कहून. शीचा विषय काढल्याशिवाय मुलांना शहर कळत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे. :)

इथे १९७२मध्ये एका बँकेच्या जागेवर खोदताना एक दगड बनून टिकलेली शी सापडली. वीस सेंटिमीटर लांब! आत जंतांची अंडी. ती इथल्या जॉर्विकच्या (हे यॉर्कचं व्हायकिंग नाव) संग्रहालयात काचेत ठेवलेली आहे. २००३मध्ये दाखवता दाखवता पडली आणि तिचे तीन तुकडे झाले, मग चिकटवावी लागली. माझ्या लेकीच्या वर्गाला त्या सहलीतलं फक्त हेच लक्षात आहे.

पण गोंधळ करू नका. ती शी आणि कॉपरगेटचं उत्खनन, १९७६ ते ८१ मधलं, हे व्हायकिंगांनी ८६६मध्ये शहर घेतल्यानंतरचं यॉर्क. त्याआधीचं इओफरविक वेगळं, नदीच्या जरा खाली. राहणी मात्र फार बदलली नाही. अरुंद लांब प्लॉट, पुढे दुकान, मागे परसात विहीर आणि शौचाचा खड्डा, तेही एकमेकांना चिकटून. पुसायला शेवाळ. आणि कॉपरगेटचा तांब्याशी काही संबंध नाही बरं का. पुण्यातली तांबट आळी डोक्यात ठेवून मीही फसले होते. तो 'कप' करणाऱ्यांचा, म्हणजे लाकडाची भांडी कातणाऱ्यांचा रस्ता.

आणखी एक वस्तू वर्गात न्याच. फणी. सॅक्सन शहरात शिंगाच्या फण्या करणं हा मोठा उद्योग. शिंगं हरणाची, दर वर्षी गळून पडतात, त्यामुळे हरीण मारायचीही गरज नाही, रानातून गोळा करायची. दोन्ही बाजूंना दात, अगदी आपल्या आजीच्या उवांच्या फणीसारखी. उवाही सापडल्यात उत्खननात. शाळेतून "वर्गात उवा झाल्या आहेत" अशी चिठ्ठी आली की मी लेकीला सांगते, बघ, तू आता पक्की सॅक्सन.

हिरवा_देठ
+१ फणीला. माझ्याकडे लाकडी आहे, लेस्टरहून पोस्टाने पाठवू का?

थेम्सकाठ
पाठवा!! निरोपात पत्ता देते.

निवृत्त_गुरुजी
ताई, नमस्कार. ३४ वर्षे प्राथमिक शिक्षक होतो, सध्या मुलीकडे ऑक्सफर्डशायरमध्ये मुक्काम. नातवासाठी थोडे वाचले, त्यातले उपयोगी ते लिहितो. दीड तासाचा पाठ आपणास १००० वर्षांपूर्वीच्या एका शिक्षकाने तयार करून दिला आहे.

एल्फ्रिक नावाचे भिक्षू होते. मठातल्या मुलांना लॅटिन बोलता यावे म्हणून त्यांनी संवाद रचले. मुलांनी सोंगे घ्यायची: नांगरी, मेंढपाळ, कोळी, व्यापारी, स्वयंपाकी. गुरुजी प्रश्न विचारणार. कोळ्याला विचारतात, मासे कुठे विकतोस? शहरात. कोण घेतं? शहरातले लोक, पकडतो त्यापेक्षा जास्त विकू शकेन. देवमासा धरशील का? नको, जिवाला धोका आहे. (हे उत्तर आमच्या नातवाने दहा वेळा म्हटले.) व्यापारी म्हणतो, समुद्रापलीकडून रेशीम, जांभळे कापड, मसाले, हस्तिदंत, काच आणतो. तिकडे घेतले त्याच भावाने विकतोस? छे, मग मला काय मिळणार? बायकोमुलांना पोसायचे आहे! मुले सुरुवातीलाच गुरुजींना म्हणतात की मार खाल्ला तरी चालेल पण शिकवा. तेवढे वाक्य मात्र वर्गात वगळावे, आजच्या मुलांना पटणार नाही.

तेव्हा पाठ असा: बाजार मांडा. आणि बाजारात जकात नाका ठेवा. लंडनच्या बिलिंग्जगेट धक्क्यावरचे जकातीचे दर आपल्यापर्यंत आले आहेत, साधारण १०००च्या आसपासचे. लहान होडीला अर्धा पेनी. शिडाच्या मोठ्या होडीला एक पेनी. कोंबड्यांच्या हाऱ्यामागे एक कोंबडी. अंड्यांच्या हाऱ्यामागे पाच अंडी. चीज-लोणी विकणाऱ्या बायकांनी नाताळच्या चौदा दिवस आधी एक पेनी आणि सात दिवस आधी आणखी एक. फ्रान्समधल्या रुआँचे व्यापारी दारू घेऊन येत, त्यांचा दर वेगळा. यापेक्षा जिवंत शहर कोणत्या पुस्तकात मिळेल?

मुलुंडचा_नाका
माझ्या नावाचा विषय निघाला म्हणून आलो. :) गुरुजी, आजच्या पोरांना जकात म्हणजे काय तेच माहीत नाही. मुंबईतली २०१७ला जीएसटी आला तेव्हा गेली. नाक्यावर ट्रकच्या रांगा बघत मोठे झालेलो आम्ही शेवटचे.

निवृत्त_गुरुजी
म्हणून तर खेळ घ्यायचा. शब्दही राहील, अर्थही राहील.

गवतीचहा
नाण्यांसाठी: तेव्हा चांदीचा पेनी हेच मुख्य नाणं. सुटे हवे असतील तर नाणं कापायचं! अर्ध्याचा हाफपेनी, चौथाईचा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे चौथा हिस्सा. आपली पावली! मुलांना पुठ्ठ्याचे गोल द्या आणि कात्री द्या.

आणि १०व्या शतकात ॲथेलस्टन राजाने सगळ्या राज्यात एकच नाणं चालेल असा कायदा केला. लंडनला आठ टाकसाळे (नाणी पाडणारे), विंचेस्टरला सहा. खोटं नाणं पाडलं तर टाकसाळ्याचा हात तोडून टाकसाळीवर लावायचा. पुढे ९७३च्या सुमाराला एडगर राजाने तर नाण्यावर गावाचं आणि टाकसाळ्याचं नाव असणं पक्कं केलं. म्हणजे नाणं हलकं निघालं तर कुणाला धरायचं ते नाण्यावरच लिहिलेलं.

खापरपणती
अवांतर: विंडो हा शब्द व्हायकिंगांचा, 'वाऱ्याचा डोळा'. सॅक्सन लोक म्हणायचे 'डोळ्याचं भोक'. आणि आपलं गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. कुडाच्या भिंतीला भोक पाडलं की जगभर सगळ्यांना डोळाच आठवलेला दिसतो.

हिरवा_देठ
मी कुठेतरी वाचलं की आल्फ्रेडने भारतात दूत पाठवले होते. ते सांगा ना मुलांना, छाती फुगेल.

गवतीचहा
जपून. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या जुन्या बखरीच्या काही प्रतींत ८८३च्या नोंदीत आहे की आल्फ्रेडने रोमला आणि पुढे 'इंडिया'त संत थॉमस आणि बार्थोलोम्यू यांच्या नावाने दान पाठवलं. पण एका प्रतीत 'जुडिया' आहे. लिहिणाऱ्याचा हात चुकला की वाचणाऱ्याचा डोळा, यावर वाद आहे. छाती फुगवायची असेल तर मिरी वापरा, ती पक्की आहे. ७३५मध्ये बीड मरणाच्या दारात होता तेव्हा त्याने आपल्या पेटीतल्या मोजक्या मौल्यवान चिजा सोबत्यांना वाटल्या. त्यात मिरी होती. मिरी म्हणजे तेव्हा मलबारच. बीड इंग्लंडच्या उत्तर टोकाला, आयुष्यात जॅरोहून फारसा हलला नाही, आणि त्याच्या पेटीत केरळचा किनारा.

थेम्सकाठ
शहारा आला. मसाल्याच्या डब्यातली मिरी घेऊन जाते.

एक अडचण आहे. बाजारात माणसंही विकली जायची हे सांगावं का? दोन पालकांनी आधीच "गोड गोड ठेवा" असं सुचवलंय.

हिरवा_देठ
आठ वर्षांच्या मुलांना नको. दुःस्वप्नं पडतील.

फणीकरंडा
शी सांगायची आणि हे नाही? मला नाही पटत. बीडनेच गोष्ट दिली आहे की. इम्मा नावाचा नॉर्थम्ब्रियाचा तरुण, ६७९च्या लढाईत पकडला गेला, आणि लंडनमध्ये एका फ्रिजियन (आताच्या नेदरलँड्सकडच्या) व्यापाऱ्याला विकला गेला. त्याला बांधलं की बेड्या आपोआप गळून पडायच्या, कारण त्याचा भाऊ तो मेला समजून त्याच्यासाठी प्रार्थना म्हणत होता. शेवटी तो खंडणी भरून सुटला. शेवट बरा आहे, आणि त्यात खरं सगळं आहे. चमत्कार मानायचा की नाही ते मुलं ठरवतील.

निवृत्त_गुरुजी
मीही सांगेन. फक्त बाजाराच्या खेळात ते दुकान मांडू नये. गोष्ट वेगळी, बसून सांगावी. सोंग घेण्याजोगी ती गोष्ट नव्हे.

थेम्सकाठ
हे फार मोलाचं, गुरुजी. तसंच करते.

कूडमेढ
वॉलिंगफर्डला जाताय तर एक दोरी न्या, पाच मीटरची. आल्फ्रेड आणि त्याच्या मुलाच्या काळात व्हायकिंगांना तोंड द्यायला तटबंदीची गावं उभारली, 'बर्ह'. त्यांची एक यादी उपलब्ध आहे. हिशोब असा: एक हाइड जमिनीमागे, म्हणजे साधारण एका कुटुंबाच्या पोटापुरत्या जमिनीमागे एक माणूस, आणि तटाच्या दर पोलला, म्हणजे पाच मीटरला, चार माणसं. वॉलिंगफर्डच्या नावावर २४०० हाइड. गणित पोरांना करू द्या. विंचेस्टरचेही २४००च, आणि तिथल्या रोमन तटाची लांबी त्या हिशोबाशी जवळजवळ तंतोतंत जुळते.

थेम्सकाठ
(तीन आठवड्यांनी)
अहवाल देते, नाहीतर म्हणाल धागा काढून पळाली.

बाजार झाला. जकात घ्यायला सगळ्यात शांत मुलगा बसवला आणि तीच चूक झाली. खुर्चीवर बसताक्षणी त्याचा पार तहसीलदार झाला. अंडीवालीच्या टोपलीत प्लॅस्टिकची सहा अंडी. त्याने नियमाप्रमाणे पाच काढून घेतली. ती ओरडली, "सहातली पाच?" तो म्हणे, "लिहिलंय हाऱ्यामागे पाच. किती अंड्यांचा हारा ते लिहिलेलं नाही." मला उत्तर देता येईना. मग बाकीच्यांनी ठरवलं की खरे हारे घोड्यावर लादायचे असत, म्हणजे मोठेच असणार, आणि सहा अंड्यांना हारा म्हणायचं नाही. तोवर दुसऱ्या मुलीने आपली अंडी कोंबडीवाल्याच्या हाऱ्यात लपवून नाका पारही केला. तस्करीसाठी मराठी शब्द मला त्याच क्षणी शिकवावा लागला.

पावली कापताना कुणाचेच चार तुकडे सारखे आले नाहीत. लहान तुकडा कोण घेणार यावरून खरोखरची भांडणं. मिरी सगळ्यांनी हुंगली, एकाने चावली, मग पाणी पाणी. इम्माची गोष्ट बसून सांगितली. टेबलाखाली कोणी गेलं नाही. एकाने विचारलं, "आणि ज्यांना भाऊ नव्हता त्यांचं काय?" मी म्हटलं, त्यांची गोष्ट कुणी लिहिली नाही.

फणीबद्दल हिरवा_देठ यांचे आभार. केसातून फिरवायला एकालाही दिली नाही, हे पालकांच्या माहितीसाठी.

काल वॉलिंगफर्ड. किनेक्रॉफ्टच्या मैदानाच्या कडेने मातीचा बांध अजून उभा आहे, वर चढताना धाप लागते. दोरी पसरली, चौघांना उभं केलं. हात पसरले तर बोटाला बोट लागलं, बरोब्बर. उरलेले पाच व्हायकिंग खंदकातून वर धावले, चिखलात घसरले आणि एकही आत आला नाही. मग २४०० भागिले चार, गुणिले पाच. तीन हजार मीटर. पहिला प्रश्न विचारणारी तीच मुलगी बांधावर बसून म्हणाली, "ताई, चोवीसशे जण इथे उभे राहिले तर त्यांच्या शेतात कोण होतं?"

गुरुजी, मी पुन्हा "पुढच्या रविवारी" म्हटलंय.

निवृत्त_गुरुजी
बायका होत्या, म्हणावे. आणि म्हातारे. मी येतो पुढच्या रविवारी, बस मिळाली तर.